खडखड, घरघर, कुरकुर : फिरत्या यंत्रांची कंपनं



आमच्या साखर कारखान्यातल्या मास्तरांच्या हाताखाली मी अप्रेंटिस म्हणून लागलो, त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांनी मला एका पंपापाशी पाठवलं. मी परत येऊन सांगितलं, "मास्तर, पंपाचा आवाज येतोय." हातातली कानस न थांबवता ते म्हणाले, "पंप म्हटल्यावर आवाज येणारच. खडखड येतेय, घरघर येतेय का कुरकुर, ते ऐकून ये." मी पुन्हा गेलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, हे त्यांनी सकाळीच दाखवलं होतं. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "कुरकुर आहे. मोटरकडच्या बेअरिंगला जास्त आहे." ते उठले, ग्रीस गन घेतली आणि माझ्यापुढे चालू लागले.

त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षं मी यंत्रांची कंपनं मोजण्यात घालवली. हातात आलेली उपकरणं बदलत गेली, पण प्रश्न मास्तरांचाच राहिला. यंत्र किती हलतंय हे कळल्याने फार थोडं कळतं. ते कसं हलतंय, कुठल्या दिशेने, कुठल्या लयीत, आणि काल कसं हलत होतं, हे कळलं तर रोग सापडतो. आपल्या मराठीत यंत्राच्या तक्रारीला इतके शब्द आहेत ते उगाच नाहीत. सैल बोल्ट खडखडतो. ग्रीस आटलेलं बेअरिंग कुरकुरतं, आणि पुरतं झिजलं की घरघरतं. मोटरमधल्या विजेच्या दोषाची एकसुरी गुणगुण असते. फिटर हे शब्द वापरतो तेव्हा तो निदानच करत असतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की उपकरणाने हे निदान कसं बारकाईने करता येतं, आणि उपकरण हातात असूनही ते कसं चुकतं.

सुरुवात तोलापासून करू. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूचं वजन तिच्या आसाभोवती अगदी सारखं वाटलेलं नसतं. टायरवाला चाकाच्या रिमवर शिशाची छोटी पट्टी ठोकतो ती यासाठीच. आपल्या साखर कारखान्यात ऊस फाडणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे बदलताना एकेक हातोडा काट्यावर ठेवतात, त्यावर खडूने वजन लिहितात आणि सारख्या वजनाचे दोन हातोडे रोटरवर समोरासमोर लावतात. असं का करायचं, याचा हिशोब करून पाहा. बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन मिनिटाला ९८० फेरे घेतो असं धरा. त्याच्या पात्यावर, मध्यापासून ९० सेंटिमीटरवर, फक्त १०० ग्रॅम वजन जास्त झालं, तर शाफ्टला बाहेर ओढणारा जोर सुमारे ९७ किलो वजनाइतका होतो. म्हणजे साखरेची ५० किलोची जवळजवळ दोन पोती. आणि ही पोती एका जागी टांगलेली नसतात. सेकंदाला सोळा वेळा गरगरत ती बेअरिंगला चारी बाजूंनी हिसडे देतात. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो.

या हिसड्यांचा अभ्यास वाफेच्या युगात सुरू झाला. स्कॉटलंडच्या रँकिनने १८६९ साली फिरणाऱ्या शाफ्टवर लेख लिहिला आणि मत मांडलं, की प्रत्येक शाफ्टला वेगाची एक हद्द असते आणि तिच्यापलीकडे तो स्थिर फिरू शकत नाही. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, स्वीडनच्या दे लावाल यांनी आपलं वाफेचं टर्बाइन मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्टवर बसवलं आणि ती हद्द ओलांडून मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत नेलं. हद्दीवर ते जोरात थरथरलं, पुढे गेल्यावर शांत झालं. असं का होतं, याचं समाधानकारक गणित जेफकॉट यांनी १९१९ साली मांडलं. हद्दीच्या खाली असताना शाफ्टची जड बाजू बाहेर फेकली जाते. हद्द ओलांडली की तीच बाजू आत येते आणि रोटर आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो. ही कोलांटी लक्षात ठेवा. शाफ्ट किती हलतो याच्याइतकंच, तो सर्वांत जास्त बाहेर येतो त्या क्षणी त्याची कुठली बाजू वर आहे, हेही मोजता येतं. आम्ही त्याला फेज म्हणतो. शाफ्टवर चकाकणारी टेप चिकटवली आणि समोर टॅकोमीटर धरला की फेज मिळतो. माझ्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या चुकीचं कारण याच आकड्यात लपलेलं होतं. तिकडे मी येणारच आहे.

किती कंपन म्हणजे धोका, हे फार काळ बेअरिंगवर हात ठेवून ठरत असे. मग १९३९ साली रॅथबोन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने अनुभवी माणसांचे असे अंदाज एका आलेखावर मांडले. ते एका विमा कंपनीत होते, यात मला मोठा अर्थ दिसतो. यंत्र मोडल्यावर ज्याला पैसे मोजावे लागतात, त्यालाच मोडण्याआधी कसं कळेल याची सर्वांत जास्त काळजी. आजचे आंतरराष्ट्रीय निकष त्या आलेखाचेच वारस आहेत. त्यात कंपनाचा वेग मोजतात, सेकंदाला किती मिलिमीटर असा. आयएसओ १०८१६, म्हणजे आताच्या २०८१६, या मानकाप्रमाणे पक्क्या पायावरच्या १५ ते ३०० किलोवॉटच्या यंत्राला १.४ पर्यंत नव्यासारखं, २.८ पर्यंत चालवायला हरकत नाही, ४.५ पर्यंत दुरुस्तीची तयारी करा आणि त्यावर गेलं तर नुकसान होतंय, असं धरतात. नवशिक्याला हा तक्ता फार आवडतो, कारण त्यात उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. पण तापमापीत १०२ ताप दिसला म्हणून तो हिवताप आहे का विषमज्वर, हे कळत नाही.

ते कळायला कंपन सुटं करावं लागतं. भजनाला बसलेला माणूस एकाच गोंगाटातून टाळ वेगळा ऐकतो, पखवाज वेगळा, वीणा वेगळी. फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात उष्णतेचा अभ्यास करताना दाखवलं, की गुंतागुंतीची लहर साध्या लहरींमध्ये सोडवता येते. ते गणित हाताने करायचं तर दिवस जात. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी संगणकासाठी झटपट पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे ती खांद्याला अडकवायच्या पेटीत येऊन बसली. पेटीच्या पडद्यावर शेजारी शेजारी काड्या उभ्या दिसतात. कुठली काडी कुठे उभी आहे, त्यावरून दोषाचं कूळ ओळखू येतं. शाफ्टच्या एका फेरीला एकदा येणारी काडी उंच असेल तर आधी तोलाचा संशय घ्यायचा. फेरीला दोनदा येणारी मोठी असेल आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही हिसके असतील, तर कपलिंगची अलाइनमेंट बिघडलेली असण्याचा संभव जास्त. काड्यांची रांगच्या रांग दिसली, मध्ये अर्ध्या पटीच्याही डोकावल्या, तर काहीतरी सैल आहे. म्हणजे मास्तरांची खडखड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोटरच्या विजेच्या दोषाची काडी बरोबर १०० वर उभी राहते. तिची खात्री करायला फार हुशारी लागत नाही. स्विच बंद करा. यांत्रिक कंपन मोटर मंदावत जाईल तसं हळूहळू उतरतं, विजेचं त्याच क्षणी नाहीसं होतं.

एक साधी गोष्ट इथे सांगून ठेवतो. पायावर बसवलेलं यंत्र बहुधा आडव्या दिशेने जास्त हलतं, उभ्या दिशेने कमी, कारण खाली काँक्रीट असतं. हे प्रमाण उलटलं तर आधी पायाचे बोल्ट बघायचे.

सर्वांत सुंदर निदान बेअरिंगचं. बॉल बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला बारीक खड्डा पडला, की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी एक टोला देते. गोळ्यांचा पिंजरा शाफ्टपेक्षा मंद फिरतो, शाफ्टच्या सुमारे ०.४ पट. म्हणून आठ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये, मोटर मिनिटाला १४८० फेरे घेत असेल, तर बाहेरच्या कड्यावर सेकंदाला साधारण ७९ टोले पडतात. मोटरच्या फेऱ्यांशी या ७९ चा पूर्ण पट जुळत नाही. ही काडी अधेमध्ये, आडवाटेला उभी राहते, आणि त्यामुळेच ओळखू येते. पण खड्डा नखाएवढाही नसतो तेव्हा तो टोला इतर थरथरीत बुडून जातो. मग आम्ही देवळातल्या घंटेचा विचार करतो. घंटेचा नाद वेगळा आणि टोल किती वेळाने पडतो ते वेगळं. बेअरिंगचं पोलाद प्रत्येक टोल्याला फार उंच सुरात झंकारतं. त्या सुरापर्यंत कपलिंग आणि फाउंडेशनचा गोंधळ पोचत नाही. तो उंच झंकार पकडायचा आणि तो सेकंदाला किती वेळा उमटतो तेवढं मोजायचं. कानाला कुरकुरही ऐकू यायच्या कितीतरी आठवडे आधी बेअरिंग असं सापडतं. पहिल्यांदा मी असं बेअरिंग काढून कापलं आणि सांगितलेल्या कड्यावर, सांगितल्याप्रमाणे, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा निघाला, तेव्हा तो तुकडा घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो होतो. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

आता माझी चूक.

ऐन हंगाम होता. गेटबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. त्या वर्षी मी ज्या कारखान्याच्या कामावर होतो, तिथला बॉयलरचा आयडी फॅन ९ पर्यंत थरथरू लागला. त्याला ४.५ ची हद्द. पडद्यावर फेरीला एकदा येणारी एकच उंच काडी दिसत होती, बाकी सगळं स्वच्छ. तोल गेलेला, हे शेंबडं पोरही सांगेल. फॅन थांबवला, चाचणीचं वजन लावून हिशोब केला, रोटरवर ३४० ग्रॅमचा तुकडा वेल्ड केला. कंपन २.१ वर आलं. सगळ्यांनी चहा घेतला. नऊ दिवसांनी फोन आला, पुन्हा ८.४. पुन्हा गेलो, पुन्हा तोल साधला, पुन्हा शांत. आठवड्याभराने तिसरा फोन.

आयडी फॅन थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की गाळप थांबतं, आणि गाडीत उभ्या असलेल्या उसाचं वजन उन्हात घटत राहतं. ती घट शेतकऱ्याच्या खिशातून जाते. तिसऱ्या वेळी गेटवरून आत जाताना गाडीवानांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला आजही आठवतं.

त्या रात्री वजनं काढायच्या आधी मी माझी वही उघडली. पहिल्या वेळी ३४० ग्रॅम जिथे लावले होते, जवळजवळ त्याच्याच समोर दुसऱ्या वेळी २९५ ग्रॅम लावले होते. म्हणजे दुसऱ्या खेपेला मी माझंच आधीचं वजन पुसत होतो. फेजचा आकडाही दोन्ही वेळी लिहिलेला होता, आणि तो सुमारे १७० अंशांनी फिरला होता. रोटरची जड बाजू एकीकडून थेट दुसरीकडे गेली होती. पोलादाची जड बाजू अशी जागा बदलत नाही. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात होते, पण दोन्ही पानं शेजारी ठेवून मी कधी पाहिली नव्हती. मग कंट्रोल रूमचं रजिस्टर मागवलं. कंपन दिवसेंदिवस वाढत गेलं असेल असं मी गृहीत धरलं होतं. रजिस्टरमध्ये रात्रपाळीत २.३ आणि पुढच्याच नोंदीत ७.९ होतं.

फॅनपाशी एक वयस्कर ऑइलमन उभा होता. त्याला विचारलं, परवा रात्री काय झालं? तो म्हणाला, "साहेब, तीनच्या सुमाराला आत धाडकन काहीतरी पडलं. मग पंखा जोरात थरथरायला लागला. मागच्या वेळीही असंच झालं होतं." मागच्या वेळी त्याला कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

फॅन थांबवून झाकण उघडलं आणि बॅटरी घेऊन आत शिरलो. पात्यांच्या पाठीवर ओल्या राखेचा कडक थर चढला होता, काहिलीच्या बुडाला खरपुडी धरते तसा. काही पात्यांवर तो बोटभर जाड होता, दोन पात्यांवरून पापुद्रा सुटून खाली पडला होता आणि तिथलं पोलाद उघडं पडलं होतं. दोन्ही वेळा मी पंख्याचा तोल साधलाच नव्हता. मी त्या राखेच्या थराचा तोल साधला होता. थर पडला की माझंच वजन जड बाजू व्हायचं. दोन्ही तुकडे कापून काढले, पाती खरवडून पाण्याने धुतली आणि फॅन चालू केला. एकही वजन न लावता कंपन २.६ आलं. राख ओली का होत होती, तर फॅनच्या आधी धूर धुणाऱ्या स्क्रबरमध्ये पाण्याचे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या वाकल्या होत्या आणि धुराबरोबर पाणी पुढे येत होतं. खरी दुरुस्ती तिथे होती, फॅनपासून वीस पावलांवर.

उपकरणाने मला कुठेही फसवलं नाही. फेरीला एकदा येणारी काडी तोलाचीच होती. तोल का जातो हे त्या काडीत लिहिलेलं नसतं. ते वहीच्या मागच्या पानावर होतं आणि त्या ऑइलमनला माहीत होतं.

मोजलेलं कंपन वाचलं गेलं नाही तर काय होतं, याचं जगातलं सर्वांत दारुण उदाहरण सायबेरियातलं आहे. येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात प्रत्येकी ६४० मेगावॉटचे दहा संच होते. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी दुसऱ्या संचाच्या टर्बाइनचं झाकण धरणारे बोल्ट तुटले, पाण्याने रोटरसकट सगळं वर फेकलं आणि यंत्रघर बुडालं. ७५ माणसं गेली. अधिकृत चौकशीत नोंद आहे, की त्या सकाळी टर्बाइनच्या बेअरिंगपाशी कंपन ८४० मायक्रॉनपर्यंत गेलं होतं, आणि मर्यादा १६० ची होती. त्या सेन्सरच्या आकड्यावर नंतर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. बोल्टांच्या बाबतीत वादाला जागा नव्हती. तपासलेल्या ४९ बोल्टांपैकी ४१ मध्ये थकव्याच्या भेगा होत्या. थकव्याची भेग एका रात्रीत पडत नाही. प्रत्येक थरथरीला ती केसाएवढी पुढे सरकते, वर्षानुवर्षं. त्या संचावर त्याच वर्षी कंपनावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवली होती, पण ती कार्यान्वित झालेली नव्हती आणि कामगार तिच्या आकड्यांवर निर्णय घेत नव्हते. सेन्सर खरा होता की खोटा, हा वाद मी अनेकदा वाचला आहे. मला वाटतं, सेन्सरवर विश्वास नसेल तर त्याच दिवशी दुसरा सेन्सर लावून बघायला हवा. मर्यादेच्या पाचपट आकडा दिसत असताना त्याला खोटा म्हणून यंत्र चालू ठेवायचं, हे मला मान्य नाही. यंत्र थांबवण्याचा अधिकार आकडा वाचणाऱ्याच्या हाती नसेल, तर आकडा मोजण्याला काही अर्थ राहत नाही.

पण कंपनाने सगळं कळतं, असाही माझा दावा नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेलेल्या रोटरच्या हिसड्यांनी जनरेटर थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनचे सील निकामी झाले, आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्र १७ तास विजेविना राहिलं. कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि त्यांनी झडपा हाताने उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, हे त्यांचं श्रेय. पात्याच्या मुळाशी वाढणारी भेग बेअरिंगवरच्या सेन्सरला बहुधा दिसतच नाही. पातं तुटल्यावर ती दिसते, आणि तेव्हा हातात काही सेकंदच असतात. तिथे यंत्र उघडून भेगा तपासण्याला पर्याय नाही. तसंच ऊस पिळणाऱ्या आपल्या मिलच्या लाटांचं. मिनिटाला चार-पाच फेरे घेणाऱ्या लाटेच्या बेअरिंगवर कंपनाचा वेग जवळजवळ शून्य दिसतो. तिथे तेलातला पितळेचा कीस आणि बेअरिंगची ऊब जास्त बोलते. मास्तर लाटेच्या बेअरिंगवर तळहात ठेवून मनात दहापर्यंत मोजायचे. हात टिकला नाही तर तेल बघायला सांगायचे.

मास्तरांनी आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक बेअरिंगच्या घरावर सेंटर पंचाने एक टिंब मारून ठेवलं होतं. स्क्रूड्रायव्हर नेहमी त्याच टिंबावर टेकवायचा. बोटभर इकडे तिकडे झाला तरी आवाज वेगळा येतो आणि कालच्या आवाजाशी ताडून बघता येत नाही. त्यावर कितीतरी वेळा रंग चढला, पण टिंब अजून बोटाला लागतं. गेल्या हंगामात बॉयलर अग्निप्रदीपनानंतर मी सहज तिकडे गेलो होतो. एक ट्रेनी इंजिनियर मुलगी आयडी फॅनची रीडिंग घेत होती. तिने अंगठ्याने रंगाखालचं टिंब चाचपलं आणि सेन्सरचं मॅग्नेट बरोबर त्याच्यावर बसवलं. मी विचारलं, "किती येतंय?"

"दोन पॉइंट चार, सर. पण आडव्यापेक्षा उभ्या दिशेला जास्त येतंय. परवापर्यंत असं नव्हतं." तिने वहीची मागची दोन पानं माझ्यापुढे धरली. "फाउंडेशनचा बोल्ट सैल असेल. बघून घेते," असं म्हणून ती पाना आणायला गेली.